कंपनीचा आवाज

विमल परबच्या तोंडाला दहिसरच्या तीन चाळी वचकून होत्या. सकाळी नळाला पाणी आलं की बायका आपापल्या कळशा रांगेत लावायच्या आणि राखणीला विमलला उभी करून निवांत चहा प्यायला जायच्या. पोरगी हडकुळी, दोन वेण्या, फ्रॉकचं बटण तुटलेलं. पण शेजारच्या चाळीतल्या कुणी मध्येच हंडा सारला, की तिच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की हंडेवालीच्या सासर-माहेर दोन्हीकडच्या पूर्वजांना उचक्या लागाव्यात. "शिरा पडली गो तुझ्या तोंडार," ही नुसती प्रस्तावना असायची. पुढचा ग्रंथ कुणी पुरता ऐकलेला नाही, कारण तोवर समोरची हंडा उचलून पसार झालेली असायची.

तिचे वडील, भाऊ परब, परळच्या गिरणीत होते. रात्रपाळी करून आले की ओट्यावर विडी ओढत मुलीचं हे कीर्तन कौतुकानं ऐकायचे. "माझ्या चेडवाचा तोंड म्हणजे तोफ आसा, तोफ," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. विमल बापाला भाऊ म्हणायची आणि अरेतुरे करायची. मालवणी घरात बापाशी अहोजाहो करणाऱ्या पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. शिमग्याला बोंब मारायला चाळीतली पोरं तिलाच पुढे करायची, आणि मुलीच्या जातीनं असं करू नये म्हणणाऱ्यांना भाऊ विचारायचे, "मगे देवान तिका तोंड कशाक दिल्यान?"

मॅट्रिक झाल्यावर विमलला अंधेरीच्या एका पंख्यांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी बोर्डावर दिवा लागला, तिनं वायर खुपसली आणि नळावर विचारतात तसं विचारलं, "हां, कोण पायजे?" पलीकडे पुण्याचा मोठा व्यापारी होता. त्यानं माफी मागून फोन ठेवून दिला.

बोर्डावरच्या वरिष्ठ कमल मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ विमल, इथे बसलीस की तुझा आवाज तुझा नाही. तो कंपनीचा आवाज आहे. हसून बोलत जा. हसू तारेतून पलीकडे जातं." तारेतून आणखी काय काय जातं हे मॅडमना ठाऊक नव्हतं, पण हे वाक्य त्यांना कुणीतरी शिकवलं होतं आणि त्यांनी ते इमानेइतबारे पुढे दिलं.

विमलनं मग आवाज बनवायला घेतला. थोडा शाळेतल्या बाईंचा घेतला, थोडा रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईंचा. तालमीला जागा नव्हती. चाळीत एकांत म्हणजे संडास. तिथे पत्र्याच्या दाराआड बसून ती घोकायची, "नमस्कार, क्षणभर थांबा हं, जोडून देते." बाहेर टमरेल घेऊन उभी असलेली तिची आत्या रुक्मिणी ओरडायची, "अगो थांबलंय मा! आजून किती क्षण?"

पण आवाज झाला तयार. काय झाला म्हणता! मधाळ, शांत, आणि शेवटी अगदी किंचित हसरा. तक्रार करायला फोन करणारी माणसं तक्रार विसरून "काही नाही, सहजच" म्हणायला लागली. कंपनीचे पंखे आवाज करायचे, पण कंपनीचा आवाज मात्र झकास होता.

त्या आवाजात अडकला चंद्रप्रकाश वैद्य. सांताक्रूझच्या एका विमा कार्यालयात तो कारकून होता. पहिला फोन त्यानं कामासाठी केला, दुसरा कामाचं काय झालं हे विचारायला, आणि तिसऱ्यापासून काम नव्हतंच. पुढे दोघं सांताक्रूझ स्टेशनाबाहेरच्या उडप्याकडे भेटायला लागली. विमल बोलायला लागली की चंद्रप्रकाश डोळे मिटून घ्यायचा. तिला ते फार गोड वाटायचं. समोर बसलेल्या मुलीकडे न बघता नुसतं तिचं ऐकणारा माणूस पुढे काय करेल, हा विचार करायचं ते वय नसतं.

वैद्यांचं घर घाटकोपरचं. दोन पिढ्या सरकारी खुर्चीवर बसून काढलेल्या, कपाटात पितळी भांडी आणि बोलण्यात पूर्णविराम. चंद्रप्रकाशच्या आईला, नलिनीबाईंना, गिरणीकामगाराची मुलगी म्हटल्यावर आधी घेरी आली. मग शेजारच्यांच्या फोनवर त्यांनी मुलीशी दोन मिनिटं बोलून पाहिलं आणि म्हणाल्या, "उच्चार काय स्वच्छ आहेत हो! दहिसरची वाटतच नाही." लग्न ठरलं. खरं म्हणजे ठरलं ते आवाजाचं. विमल त्याच्याबरोबर आली, एवढंच.

आता कार्यालयातून घरी आलं की माणूस चपला काढतो, पदर कमरेला खोचतो, तोंडात येईल ते बोलतो. विमलला ती सोय उरली नाही. सासरी पहिल्याच दिवशी पायाच्या अंगठ्यावर वरवंटा पडला. दहिसरला तिनं "आवशीचो घो!" म्हणून आळी दणाणून सोडली असती. इथे डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अगं बाई." नलिनीबाईंनी शेजारणीला कौतुकानं सांगितलं, की आमच्या सूनबाईंचं विव्हळणंसुद्धा किती मर्यादशील आहे.

सुरुवातीला तिनं एक पळवाट ठेवली होती. मिक्सर सुरू केला की त्याच्या घरघरीखाली ती दोन-चार शिव्या हासडून घ्यायची, कुणालाही नाही, नुसत्याच, घसा मोकळा करायला. पुढे पुढे मिक्सर लावला तरी शिव्या आठवेनात. हसू तर तिनं अर्ध्यावरच कापलं होतं. पूर्वी ती हसली की ओट्यावरची मांजर पळायची. आता नुसते ओठ हलायचे.

आणि एक विचित्रच गोष्ट व्हायला लागली. तिला काय हवं ते तिला कळेना. साडीच्या दुकानात चंद्रप्रकाश विचारायचा, "तुला कुठली आवडली?" ती म्हणायची, "तुमची पसंती छानच असते." ही नम्रता नव्हती. समोर वीस साड्या पसरल्या होत्या आणि आतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला तर तीच म्हणायची, "माफ करा हं." भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तर घरी आणून मुकाट्यानं चिरायची. लोक म्हणायचे, अशी शांत बायको मिळायला भाग्य लागतं. कौतुक झालं की तिला वाटायचं, घरात कुणी सुंदर पाहुणी मुक्कामाला आली आहे आणि आपण तिची खरकटी काढतोय. पाहुणी जाईना, आणि आपणच कुठे जावं ते तिला कळेना.

रात्री दिवा मालवल्यावर चंद्रप्रकाश लाडात यायचा. "म्हण ना गं, फोनवर म्हणतेस तसं. क्षणभर थांबा, म्हण ना." ती म्हणायची. माणूस वाईट नव्हता तो. बायकोवर त्याचा जीव होता, फक्त तो बायकोच्या गळ्यात अडकला होता आणि उरलेली बायको त्याला कधी भेटलीच नव्हती. विमलच्या पोटात एकच भीती होती. एक दिवस आपला खरा आवाज बाहेर पडेल, हा डोळे उघडेल, आणि समोरच्या बाईला ओळखणारच नाही. मग आपलं काय?

तोवर गिरण्यांचा संप होऊन भाऊंची गिरणी कायमची बंद पडली होती. हातात काम नाही, छातीत खोकला. एकदा आमसुलांची बाटली घेऊन ते लेकीला भेटायला घाटकोपरला आले. सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि चाळीत बोलतात त्या पट्टीत सुरू झाले, "काय गो विमला, बरा चल्ला मा?" नलिनीबाई हळूच उठून खिडकी लावायला गेल्या. विमल बापाच्या कानाशी वाकून म्हणाली, "भाऊ, जरा हळू बोला ना."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. "बोला? माका?" एवढंच म्हणाले. चहा घेतला, खोकला आला तो गिळला आणि गेले. नंतर चाळीत त्यांनी सांगितलं, की लेकीकडे खोकायलासुद्धा परवानगी काढावी लागते. पुन्हा काही ते घाटकोपरला आले नाहीत.

मात्र एकदा त्यांनी फोन केला. दहिसरच्या वाण्याच्या दुकानातून, तिच्या कंपनीत. बोर्डावर दिवा लागला, विमलनं वायर खुपसली, मधाळ "नमस्कार" घातला, आणि पलीकडून घोगरा आवाज आला, "माका विमल परबाशी बोलूचा आसा."

तिच्या मागे कमल मॅडम उभ्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर मुख्य कार्यालयातून बोर्ड बघायला आलेले दोन साहेब. विमलनं तोंड उघडलं. "भाऊ, मीच रे" म्हणायचं होतं, आणि तेही हळू नाही म्हणता येत, मालवणीत कुजबुज नसते. तिच्या तोंडून निघालं, "क्षणभर थांबा हं." मग क्षणभर थांबून निघालं, "त्या जागेवर नाहीत. काही निरोप आहे का?"

"काय नाय गो बाये," भाऊ म्हणाले. "बापाशीन फोन केल्लो म्हणान सांग." मग जरा थांबून म्हणाले, "तुजो आवाज लय गोड आसा हां. सुखी रव."

बापानं लेकीला ओळखलं नाही आणि वर आशीर्वाद दिला. विमलनं वायर काढली आणि पुढचा फोन जोडून दिला. येत्या रविवारी दहिसरला जाऊन सगळं सांगायचं, पायावर डोकं ठेवायचं, वाटलं तर चार शिव्या खायच्या, असं तिनं ठरवलं. त्या रविवारी नलिनीबाईंकडे हळदीकुंकू निघालं. आणि त्याच आठवड्यात भाऊ गेले.

टॅक्सी करून विमल, चंद्रप्रकाश आणि नलिनीबाई दहिसरला पोचली तेव्हा चाळीसमोर भाऊंना निजवलं होतं. बायकांनी वाट करून दिली. कोकणातल्या माणसांत लेक येईपर्यंत रडण्याला खरा रंग चढत नाही. ती येऊन हंबरडा फोडते, मेलेल्याला नावं ठेवते, भांडते, जाब विचारते, आणि मग सगळ्यांचंच रडू मोकळं होतं. सगळी चाळ श्वास रोखून तोफेची वाट बघत होती. विमल बापाच्या उशाशी बसली आणि तिच्या तोंडून निघालं, "भाऊ, तुम्ही असं कसं हो गेलात?"

मधाळ, शांत, आणि शेवटी किंचित हसरं. कंपनीच्या आवाजात. सवय म्हणजे सवय, मेल्या बापापुढेही ती गळ्यातून उतरली नाही.

क्षणभर सगळं थांबलं. मग आत्या रुक्मिणी बाजूच्या बाईला विचारताना ऐकू आली, "ही कोण गो रडता? हापिसातली काय?"

विमलला स्वतःची किळस आली. तिनं पुन्हा तोंड उघडलं, काहीतरी, काहीही ओरडायला. नुसती हवा आली. तिसऱ्यांदा उघडलं. हवाच. आवाज गेला तो गेलाच.

घाटकोपरला परतल्यावर उपचारांची झुंबड उडाली. नलिनीबाईंनी ज्येष्ठमध दिला, हळद-दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करवल्या. शेजारच्यांनी होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आणून दिल्या. मुलुंडच्या एका घशाच्या डॉक्टरांनी जीभ दाबून आत बॅटरी मारली आणि स्वरयंत्र उत्तम असल्याचं सांगितलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कंपनीनं बोर्डावर हंगामी मुलगी बसवली. चंद्रप्रकाश बिचारा तिच्या शेजारी बसून गळ्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "आवाज नाही आला तर कसं होणार गं माझं?" विमलला ते "माझं" बरोबर ऐकू आलं. आवाज गेला होता, कान शाबूत होते.

दहाव्याच्या दिवशी दहिसर नदीच्या काठावर सगळे जमले. एरवी बायका अशा वेळी जात नाहीत, पण रुक्मिणी आत्यानं भटजींना सांगितलं, की माझ्या भावाला मुलगा नाही, लेक येणार म्हणजे येणार, आणि आत्याशी वाद घालायला भटजींना दुसरं आयुष्य मागून घ्यावं लागलं असतं. विधी पुतण्या जयवंत करत होता. पिंड झाले. बाजूला वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ आणि विड्यांचा कट्टा ठेवला. विमलची आई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. चंद्रप्रकाश आणि नलिनीबाई जरा लांब, नाकाला रुमाल लावून उभी होती, कारण नदीला तिचा स्वतःचा वास होता.

कावळा आला. समोरच्या भिंतीवर बसला आणि मान वाकडी करून भलतीकडेच बघू लागला.

"काका, काकीक मी संभाळतलंय," जयवंतनं वचन दिलं. कावळा हलेना. "गावचा घर शाकारतलंव." कावळ्यानं पंख खाजवला. जयवंतनं विडी पेटवून ठेवली. उन्हं चढली, वडे वातड झाले, जमलेल्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पण भिंतीवरचा ढिम्म. भटजींना पुढे दुसरं दहावं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढले. खरा कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, म्हणजे काम उरकतं, पण माणसाचा जीव कशात तरी राहिला हे सगळ्या गावाला कळतं.

"तेचो जीव चेडवात अडाकलो हा," आत्या म्हणाली, आणि सगळ्यांनी विमलकडे पाहिलं.

विमल पुढे झाली, तोंड उघडलं. हवा. तिनं मान खाली घातली. भटजींच्या बोटांत गवताची चोच तयार होत होती, मग गवताचे पंख. ते बघता बघता तिच्या पायापासून काहीतरी चढत वर आलं. लेकीला फोन केला तर ह्याला खोटा आवाज मिळाला. आता जेवायला खोटा कावळा? माणसानं आयुष्यात एक गोष्ट तरी खरी मागितली होती का नव्हती?

"ठेय तो पेंढो खाली!" ती भटजींवर कडाडली. भटजींच्या हातून कावळा गळून पडला. मग ती पिंडाकडे वळली. "आणि तू रे भाऊ? शिरा पडली तुझ्या हट्टार! जितो होतस तेव्हा आये ताट वाढूच्या आधी पाटार बसायचस, आणि आता मेल्यार नखरे करतस? म्हातारी पहाटेपासून चुलीकडे बसली हा, वडे चामडा झाले, आणि तू थंय बसान शेपटी हलवतस, मुडद्या? गीळ!" आवाज फाटका होता, कच्चा होता, मध्येच चिरकत होता, पण नदीपलीकडच्या माणसांनी वळून पाहिलं. "आणि आयक. त्या दिवशी फोनार मीच होतंय. मीच! जागेर नाय म्हणान सांगितलंय ता खोटा. मी थंयच होतंय रे, भाऊ. माका लाज वाटली तुझी, आणि माझीव. माका मार, शिये घाल, पण उपाशी जाव नको रे!"

आणि ती मटकन बसली आणि तोंड वासून रडली. तिला रडताना बघून आई रडली, आत्या रडली, जयवंत रडला. त्या गोंधळात कावळा भिंतीवरून उतरला, तुरुतुरु आला आणि त्यानं आधी वड्याला आणि मग पिंडाला चोच लावली. त्याला मालवणी कळत होतं की नाही, सांगता येत नाही. कदाचित आधीच्या दहाव्याचं अन्न तेवढ्यात जिरलं असेल. पण आत्यानं नाक शिंकरलं आणि म्हणाली, "इला गो बाय आमचा चेडू."

लांब उभ्या असलेल्या नलिनीबाईंच्या हातातला रुमाल खाली आला होता. चंद्रप्रकाशचे डोळे सताड उघडे होते.

पुढचे काही दिवस घरात माणसं एकमेकांना वाट देत चालत होती. विमलचा घसा बसलेला होता, आणि जो काही आवाज यायचा तो दहिसरचाच यायचा. नलिनीबाईंनी ज्येष्ठमध पुन्हा बाहेर काढला. एका सकाळी न्हाणीघरात नळ सोडून विमलनं हळूच म्हणून पाहिलं, "नमस्कार, क्षणभर थांबा हं." आला. तस्साच, मधाळ, जसाच्या तसा. म्हणजे तो कुठे गेला नव्हता. हवा तेव्हा काढावा, हवा तेव्हा ठेवावा. तिनं नळ बंद केला, अंग पुसलं, आणि कामावर गेल्यावर कमल मॅडमना सांगितलं, "मला बोर्ड नको. गोदामाच्या खिडकीवर माणूस पाहिजे ना, तिथे बसते." गोदामाच्या खिडकीवर टेम्पोवाल्यांशी हुज्जत घालावी लागायची आणि तिथे कुणी आठवडाभर टिकत नसे. विमल बसली त्या दिवसापासून टेम्पोवाले रांगेत उभे राहायला लागले.

ही बातमी चंद्रप्रकाशला फोननंच कळली. एका दुपारी त्यानं तिच्या कंपनीचा नंबर फिरवला, आणि "नमस्कार" म्हणणारी दुसरीच कुणी होती; विमल आता गोदामाच्या खिडकीवर बसते, असं तिनंच सांगितलं. संध्याकाळी तो घरी आला तो बूट न काढता स्वयंपाकघरात.

"तू बोर्ड सोडलास? आवाज परत येईल म्हणाले होते ना डॉक्टर."

"आलाय," विमल म्हणाली. "पूर्वीचा पण येतो. न्हाणीघरात म्हणून बघितला मी."

"येतो? मग तू मुद्दाम असं बोलतेस?"

"मुद्दाम इतके दिवस बोलत होते. हे आपोआप होतं."

चंद्रप्रकाशला भांडायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचा आवाज एकदम वर चढला. नलिनीबाईंनी हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या, मग दारही लावलं आणि त्याच दाराला कान लावून उभ्या राहिल्या. "माझा विचार केलास? मी ज्या मुलीच्या प्रेमात पडलो ती कुठे गेली?"

"ती कामावर होती रे," विमल म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरे म्हटलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. "दिवसा कंपनीची ड्यूटी, घरी आल्यावर तुझी. थकली. माझा बाप तिच्याशी बोलून मेला, मला शोधत. तुला पण ती पाहिजे असेल तर तसं सांग. मी दहिसरला जाते. नळावर मला अजून जागा आहे."

इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून ती घसा आवळून जगली, तेच तिनं स्वतः उचलून त्याच्यापुढे ठेवलं होतं. आता तो जा म्हणाला असता, तर जावंच लागलं असतं. गॅसवर भाताचं आधण उकळत होतं आणि दोघांनाही ते बंद करायचं सुचत नव्हतं.

चंद्रप्रकाश स्टुलावर बसला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, तोंडाकडे, हातांकडे, कपाळावरच्या घामाकडे, नव्या जागी आलेला माणूस बघतो तसा.

"जाते म्हणू नकोस," तो शेवटी म्हणाला. "पण खरं सांगू विमल? त्या दिवशी नदीवर तुला ऐकलं ना, तेव्हापासून मला तुझी भीती वाटते."

विमलनं गॅस बारीक केला.

"वाटू दे," ती म्हणाली. "ह्या घरात इतकी वर्षं मी एकटीच घाबरत होते. आता थोडे दिवस तू घाबर. मी बसते तुझ्याजवळ."